करारनाम्यातला कंस

जुलै २०२१ मध्ये अमेरिकेत जाहीर झालेला एक करारनामा व्याख्यांनी सुरू होतो. एका बाजूला मॅकेसन, कार्डिनल हेल्थ आणि अमेरिसोर्सबर्गन या तीन बड्या औषध वितरक कंपन्या आहेत. दुसऱ्या बाजूला राज्यं आणि त्यांच्या पोटातल्या हजारो काउंट्या, शहरं, गावं. पैसे कोण देणार, कोण घेणार, कोणते दावे कायमचे सुटले असं मानायचं, हे एकेक ठरवत करार पुढे सरकतो आणि 'ओपिऑइड रिमेडिएशन' या शब्दांपाशी येतो. मिळणारा पैसा ज्या कामावर खर्चायचा त्या कामाची ही व्याख्या. ओपिऑइडचा, म्हणजे अफूच्या कुळातल्या वेदनाशामकांचा, गैरवापर आणि त्यातून लागलेलं व्यसन यांवरचे उपचार, देखभाल, इतर कार्यक्रम आणि खर्च, असं ती सांगू लागते. वाक्य पुरं होण्याआधीच एक कंस उघडतो. यापूर्वी केलेल्या अशा खर्चाची भरपाईसुद्धा यात धरावी. फक्त करारात जिथे पैसा पुढच्या कामासाठीच राखला आहे, तिथे धरू नये.

कंस छोटा आहे. पण ज्या रुग्णवाहिकेचं बिल काउंटीने काही वर्षांपूर्वीच भागवलं, ते आज या पैशातून वळतं करून घ्यायला वाट मिळते ती याच कंसातून. कराराची बाकीची भाषा वकिलांनी घासूनपुसून गुळगुळीत केलेली आहे. इथे मात्र टेबलाच्या दोन्ही बाजूंची ओढाताण जशीच्या तशी राहून गेली आहे. रिकाम्या तिजोरीचे कारभारी एका टोकाला, आणि पैसा पुन्हा एकदा रस्त्यांच्या डांबरात जाईल अशी धास्ती घेतलेले लोक दुसऱ्या टोकाला. ही धास्ती कुठून आली आणि कंस तरीही का टिकला, हे कागदांवरून बरंच स्पष्ट होतं. या प्रकरणात कागदांची टंचाई नाही. करारनामे, न्यायालयांचे आदेश, गोळ्यांची सरकारी नोंद, काउंट्यांचे ठराव हे सारं खुलं आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठ, सॅन फ्रान्सिस्को आणि जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठ यांनी २०२१ मध्ये कंपन्यांच्या अंतर्गत कागदपत्रांचा एक दस्तऐवज-संग्रहही सुरू केला. तो अजून वाढतो आहे.

या संग्रहाच्या कितीतरी आधीचा एक कागद पहिल्यांदा पाहायला हवा. १० जानेवारी १९८० च्या 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये संपादकांना लिहिलेलं एक पत्र आहे. जेन पोर्टर आणि हर्शेल जिक यांचं. पाच वाक्यांचं. रुग्णालयात दाखल असताना अशी औषधं किमान एकदा मिळालेल्या ११,८८२ रुग्णांच्या नोंदी पाहिल्या, आणि आधी व्यसनाचा इतिहास नसलेल्यांपैकी फक्त चौघांना व्यसन लागल्याची पक्की नोंद सापडली, इतकंच ते सांगतं. महिनोन्‌महिने घरी गोळ्या घेणाऱ्यांविषयी त्यात अवाक्षर नाही. २०१७ मध्ये त्याच नियतकालिकात या पत्राचा माग काढणारा एक अभ्यास छापून आला. पत्राचा हवाला दिलेले ६०८ लेख तिथे मोजले आहेत. त्यांतल्या ४३९ लेखांनी 'व्यसन क्वचितच लागतं' याला पुरावा म्हणून ते वापरलं होतं. आणि हे रुग्ण रुग्णालयात दाखल होते, ही गोष्ट दहातल्या आठ लेखांनी सांगितलीच नव्हती.

दुसरा कागद ऑक्सिकॉन्टिन या गोळीबरोबरच्या माहितीपत्रकाचा. पर्ड्यू फार्माच्या या गोळीला डिसेंबर १९९५ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने मान्यता दिली. औषध शरीरात हळूहळू उतरत असल्याने गैरवापराची शक्यता कमी होते असं मानलं जातं, अशा अर्थाचं एक वाक्य त्या पत्रकात होतं. कोण मानतं, कशावरून, ते नव्हतं. वाक्य २००१ मध्ये काढलं गेलं; तोवर विक्रेते ते डॉक्टरांच्या दारोदार घेऊन फिरून आले होते. २००७ मध्ये व्हर्जिनियातल्या ॲबिंग्डन इथल्या फेडरल न्यायालयात कंपनीने गोळीची दिशाभूल करणारी माहिती दिल्याचा गुन्हा कबूल केला. कंपनी आणि तिचे तीन वरिष्ठ अधिकारी यांनी मिळून सुमारे ६३ कोटी ४५ लाख डॉलर भरले. तुरुंगात कुणी गेलं नाही, आणि विक्री थांबली नाही.

या सगळ्यात काउंटी कुठून आली? काउंटी म्हणजे साधारण जिल्हा, पण आपल्यासारखा तिथे जिल्हाधिकारी नसतो. निवडून आलेले कमिशनर अंदाजपत्रक मंजूर करतात. आणि तुरुंग, शेरीफ, मृत्यूचं कारण ठरवणारा कोरोनर, आईबापांपासून काढून घ्यावी लागलेली मुलं यांचा भार बहुतेक ठिकाणी काउंटीच्या तिजोरीवर पडतो. गोळी कनेक्टिकटमधल्या कंपनीची, परवाना वॉशिंग्टनचा, आणि शवविच्छेदनाचं बिल काउंटीच्या नावे. राज्यांच्या महाधिवक्त्यांनी दावे लावले तरी तो पैसा खालपर्यंत झिरपेल का, ही शंका काउंट्यांना होती, आणि तिला आधार होता. नोव्हेंबर १९९८ मध्ये तंबाखू कंपन्यांनी ४६ राज्यांशी तडजोड केली. पहिल्या २५ वर्षांत २०० अब्ज डॉलरहून अधिक द्यायचे ठरले. तो पैसा कशावर खर्चावा याचं बंधन करारात नव्हतं. राज्यांनी त्यातून तुटी भरल्या, रस्ते केले, पुढच्या हप्त्यांवर रोखे काढून रोकड आधीच उचलली. तंबाखू सोडवण्याच्या कामाला त्यातला अगदी थोडा हिस्सा आला. ओपिऑइडच्या वाटाघाटींत 'तंबाखूसारखं होऊ देऊ नका' हे वाक्य इतक्यांदा उच्चारलं गेलं की २०२१ च्या करारातली अर्धी कलमं त्याचंच उत्तर आहेत असं वाटतं.

म्हणून स्थानिक संस्था स्वतःच न्यायालयात उतरल्या. २०१४ मध्ये कॅलिफोर्नियातल्या सांता क्लारा आणि ऑरेंज या काउंट्या, पाठोपाठ शिकागो शहर. नंतर रांग लागली. डिसेंबर २०१७ मध्ये देशभरच्या फेडरल न्यायालयांतले असे दावे ओहायोत क्लीव्हलंडला न्यायाधीश डॅन पोल्स्टर यांच्यापुढे एकत्र आणले गेले. पुढे त्यांची संख्या तीन हजारांवर गेली. जानेवारी २०१८ च्या पहिल्याच बैठकीत पोल्स्टर यांनी वकिलांना सांगितलं की आज आपण इथे बसलो असताना सुमारे दीडशे अमेरिकन मरतील, आणि मला याच वर्षी काहीतरी ठोस झालेलं हवं आहे. खटले चालवण्यात त्यांना फारसा रस नव्हता, हे त्यांनी लपवलं नाही. तडजोडीची ही ओढ समजण्यासारखी होती. पण तडजोडीत पुरावा उघड्यावर येत नाही, आणि इतिहास लिहायला बसणाऱ्याला त्याची किंमत मोजावी लागते.

केंटकीचं उदाहरण बोलकं आहे. पाइक काउंटीत चाललेल्या दाव्यात पर्ड्यूने २०१५ मध्ये राज्याला २ कोटी ४० लाख डॉलर देऊन प्रकरण मिटवलं. राज्याकडे आलेली लक्षावधी पानं नष्ट करावीत, ही त्यातली एक अट होती. पर्ड्यूच्या मालक कुटुंबातले रिचर्ड सॅकलर यांची त्या दाव्यात झालेली जबानी न्यायालयाच्या दप्तरात मोहोरबंद राहिली. 'स्टॅट' या वृत्तसंस्थेने ती खुली व्हावी म्हणून दावा लावला, आणि ती लोकांपुढे यायला २०१९ उजाडलं.

क्लीव्हलंडमध्येही असंच काहीसं घडलं. अमेरिकेच्या अमली पदार्थ नियंत्रण खात्याकडे आर्कोस नावाची नोंदवही आहे. कारखान्यातून निघालेली प्रत्येक नियंत्रित गोळी कोणत्या वितरकाकडून कोणत्या दुकानात गेली, याची ती नोंद. ही माहिती वादींच्या वकिलांना मिळाली, पण पोल्स्टर यांनी ती जनतेसाठी बंद ठेवली. 'वॉशिंग्टन पोस्ट' आणि वेस्ट व्हर्जिनियातली वृत्तपत्रं चालवणारी एचडी मीडिया वरच्या न्यायालयात गेली. जून २०१९ मध्ये तिथे त्यांच्या बाजूने निकाल लागला, आणि जुलैत आकडे उघडे झाले. २००६ ते २०१२ या सात वर्षांत ऑक्सिकोडोन आणि हायड्रोकोडोनच्या ७६ अब्ज गोळ्या देशात वाटल्या गेल्या होत्या. एचडी मीडियासारखी लहान संस्था यात का पडली, त्याला पूर्वपीठिका आहे. तिच्याच मालकीच्या झालेल्या 'चार्ल्सटन गॅझेट-मेल'चे एरिक एअर यांनी २०१६ मध्येच दाखवून दिलं होतं की सहा वर्षांत वेस्ट व्हर्जिनियात ७८ कोटी गोळ्या ओतल्या गेल्या. त्याच मालिकेत जेमतेम चारशे वस्तीच्या कर्मिट गावातलं एक औषधाचं दुकान होतं. दोन वर्षांत तिथे सुमारे ९० लाख हायड्रोकोडोन गोळ्या पोहोचल्या होत्या. एअर यांना २०१७ चं पुलित्झर मिळालं.

आकडे बाहेर आले आणि तडजोडीचा भाव चढला. २१ ऑक्टोबर २०१९ ला ओहायोतल्या कायाहोगा आणि समिट या काउंट्यांचा खटला उभा राहायचा होता. त्याच पहाटे तो मिटला. तिन्ही वितरकांनी २१ कोटी ५० लाख डॉलर कबूल केले. तेवा कंपनीने २ कोटी रोख आणि अडीच कोटींचं व्यसनमुक्तीचं औषध. माल विकणाऱ्याने दंडाचा मोठा भाग मालातच भरावा, याला काय म्हणावं? पण ते औषध उपयोगी होतं, आणि काउंट्यांनी ते घेतलं.

खटला शेवटपर्यंत नेला तर काय होतं, ते ओक्लाहोमाने दाखवलं. ऑगस्ट २०१९ मध्ये नॉर्मन इथल्या न्यायाधीश थॅड बॉकमन यांनी जॉन्सन अँड जॉन्सनला ५७ कोटी २० लाख डॉलर भरायला सांगितले. आधार होता 'सार्वजनिक उपद्रव' या जुन्या कायद्याचा. रस्ता अडवणं, विहीर नासवणं असल्या गोष्टींसाठीचा. कंपनीच्या वकिलांनी निकालपत्र बारकाईने वाचलं आणि एका रकमेवर बोट ठेवलं. व्यसनी मातांच्या नवजात बाळांसाठीच्या एका प्रशिक्षणाचा वर्षाचा खर्च १ लाख ७ हजार ६८३ डॉलर असायला हवा होता. निकालात त्यापुढे तीन शून्यं जास्त लागून तो १० कोटी ७६ लाखांवर गेला होता. न्यायाधीशांनी चूक मान्य केली आणि रक्कम ४६ कोटी ५० लाखांवर आली. पुढे नोव्हेंबर २०२१ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने सगळाच निकाल फिरवला. कायदेशीरपणे बनवलेल्या आणि विकलेल्या मालापर्यंत उपद्रवाचा कायदा ताणता येणार नाही, असं म्हणून. ओक्लाहोमाच्या हाती या निकालातून काहीच पडलं नाही.

अशा हवेत २१ जुलै २०२१ ला मोठी तडजोड जाहीर झाली. तीन वितरकांकडून १८ वर्षांत २१ अब्ज डॉलर, जॉन्सन अँड जॉन्सनकडून नऊ वर्षांत ५ अब्ज. आपल्या हातून काही चुकलं, असं कंपन्यांनी कबूल केलेलं नाही, हे करारात स्वच्छ लिहिलं आहे.

या करारातला खरा कारागिरीचा भाग सह्या गोळा करण्याचा आहे. कंपन्यांना पैशाच्या बदल्यात शांतता हवी होती. राज्याने सही केली आणि उद्या एखाद्या काउंटीने नवा दावा ठोकला तर उपयोग काय? म्हणून वितरकांच्या रकमेची विभागणी झाली. साधारण ५५ टक्के मूळ हप्ता राज्य सामील झालं की मिळणार. उरलेले ४५ टक्के 'प्रोत्साहन', स्थानिक संस्था किती प्रमाणात येतात त्यावर. दावे लावलेल्या संस्थांपैकी किती जणांनी माघार घेतली, मोठ्या लोकसंख्येच्या किती जणांनी सही केली, पुढे कुणी नव्याने न्यायालयात गेलं का, यावर हप्ता वाढणार किंवा घटणार. परिणामी महाधिवक्त्यांची कचेरी काउंट्यांच्या पाठी लागली, काउंट्या आपल्या गावांच्या. एका न सही करणाऱ्यामुळे शेजाऱ्याचा हिस्सा घटण्याचा धोका होता. सहभागाचा अर्ज छोटासा आहे. अधिकृत प्रतिनिधीची सही. दावा चालू असेल तर तो मागे घेण्याचं वचन. या विषयावर कंपनीविरुद्ध पुन्हा न्यायालयात न जाण्याची कबुली. बहुतेक ठिकाणी तो कमिशनरांच्या सभेत ठरावाने मंजूर झाला. त्याच सभेत पुलाच्या दुरुस्तीचा आणि कुत्र्यांच्या निवाऱ्याचा विषयही असायचा. फेब्रुवारी २०२२ च्या अखेरीस कंपन्यांनी पुरेशा सह्या आल्याचं जाहीर केलं: ४६ राज्यं, आणि पात्र स्थानिक संस्थांपैकी सुमारे ९० टक्के.

वेस्ट व्हर्जिनिया त्या ४६ मध्ये नव्हतं. तिथल्या हंटिंग्टन शहराने आणि कॅबेल काउंटीने खटल्याचीच वाट धरली. २०१६ च्या १५ ऑगस्टला या शहरात काही तासांच्या आत दोन डझनांहून अधिक माणसं ओव्हरडोसने कोसळली होती. आर्कोसच्या हिशेबाने एक लाखाच्या आसपास वस्तीच्या या काउंटीत आठ-नऊ वर्षांत ८ कोटी १० लाखांहून अधिक गोळ्या आल्या होत्या. मे २०२१ मध्ये न्यायाधीश डेव्हिड फेबर यांच्यापुढे सुनावणी सुरू झाली; ज्युरी नव्हती. तडजोडीत कधीच दिसले नसते असे कागद तिथे उघड्यावर आले. अमेरिसोर्सबर्गनच्या एका अधिकाऱ्याने पुढे धाडलेला एक ई-मेल वाचला गेला. ॲपलॅशियन डोंगरातल्या लोकांना 'पिलबिली' म्हणून हिणवणारं विडंबनगीत त्यात होतं. त्याने साक्षीत खेद व्यक्त केला. ४ जुलै २०२२ ला निकाल लागला: वितरकांनी डॉक्टरांच्या चिठ्ठ्यांप्रमाणे माल पुरवला, तो उपद्रव ठरत नाही. शहर आणि काउंटी हरले. महिना उलटायच्या आत राज्यातल्या शंभराहून अधिक इतर संस्थांनी त्याच तीन कंपन्यांकडून ४० कोटी डॉलरची तडजोड स्वीकारली. हंटिंग्टन आणि कॅबेल तिच्यात नव्हते. २०२५ मध्ये अपिलात फेबर यांचा निकाल उलटला, म्हणजे प्रकरण पुन्हा खालच्या न्यायालयाच्या दारात आलं. सही न करण्याची किंमत किती, याचा धडा मात्र देशभरच्या काउंटी वकिलांनी २०२२ मध्येच घेतला होता. खटला जिंकला तरी तो टिकेलच असंही नव्हतं. ओहायोतल्या लेक आणि ट्रम्बुल काउंट्यांनी २०२१ मध्ये सीव्हीएस, वॉलग्रीन्स आणि वॉलमार्ट या औषधदुकानांच्या साखळ्यांविरुद्ध ज्युरीकडून निकाल मिळवला, पोल्स्टर यांनी पुढे त्यांना ६५ कोटी डॉलर द्यायचा आदेश दिला. आणि डिसेंबर २०२४ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने त्या दाव्याखालचा कायदेशीर पायाच काढून घेतला. दरम्यान त्याच साखळ्यांनी २०२२ च्या अखेरीस बाकीच्यांशी तेरा-चौदा अब्जांची तडजोड केलेली होती.

आता पैसा हाती आल्यानंतरचे कागद. आपल्याकडच्या सरपंचाला पंधराव्या वित्त आयोगाचा बंधित आणि अबंधित निधी ठाऊक असतो. या करारातली वाटणी त्याच जातीची आहे. एकूण रकमेतले किमान ८५ टक्के ओपिऑइडच्या निवारणावर, आणि किमान ७० टक्के फक्त पुढच्या कामावर. म्हणजे मधल्या १५ टक्क्यांत कंसाला जागा मिळते. पुढे 'ई' नावाचं परिशिष्ट आहे. नालोक्सोन हे जीव वाचवणारं औषध, मेथाडोन-ब्युप्रेनॉर्फिनसारख्या औषधांनी उपचार, गरोदर स्त्रिया, तुरुंगातले कैदी, सुया बदलून देणारी केंद्रं अशी गाभ्याची कामं त्यात आधी येतात, आणि मग मान्य कामांची भली लांबलचक यादी. ती इतकी ऐसपैस आहे की पोलिसांचं प्रशिक्षणही तीत बसतं. हिशेबाची अट त्याहून सैल आहे. निवारणाबाहेर काय खर्च झाला ते कळवायचं, एवढंच राष्ट्रीय करार मागतो. निवारणावरच्या ८५ टक्क्यांचा तपशील जाहीर करायचा की नाही, हे राज्यावर सोडलं आहे. तंबाखूचा अनुभव गाठीशी असलेल्या माणसांनी हे कसं मान्य केलं, याचं उत्तर सह्यांच्या यंत्रणेत आहे. अटी जितक्या जाचक, तितक्या सह्या कमी.

उत्तर कॅरोलिनाने स्वतःहून अधिक कडक वाट घेतली. राज्य आणि स्थानिक संस्था यांच्यातल्या तिथल्या समझोत्यात ८५ टक्के पैसा थेट काउंट्या-शहरांना आहे, पण त्यासाठी वेगळं खातं उघडावं लागतं. खर्चाचा ठराव करताना हा ओपिऑइड तडजोडीचा पैसा आहे असं त्यात म्हणायचं, परिशिष्टातल्या कोणत्या क्रमांकाच्या कामासाठी तो आहे ते लिहायचं, आणि प्रत्येक कामासाठी रक्कम आणि मुदत द्यायची. हे क्रमांक संकेतस्थळावर चढतात. शंभर काउंट्यांपैकी कोणतीही निवडा, तुरुंगातल्या उपचाराला किती आणि नालोक्सोनला किती, ते घरबसल्या वाचता येतं. या सगळ्या प्रकरणातले सर्वांत रुक्ष कागद हेच, आणि सर्वांत उपयोगीही.

ओहायोने निराळं केलं. तिथे ५५ टक्के पैसा 'वनओहायो रिकव्हरी फाउंडेशन' या खासगी स्वरूपाच्या संस्थेकडे दिला गेला. 'हार्म रिडक्शन ओहायो' या गटाने तिच्याकडे कागद मागितले, तेव्हा आपण सरकारी नाही, असं उत्तर आलं. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने मे २०२३ मध्ये सांगितलं की ही संस्था सार्वजनिक कार्यालयासारखीच आहे आणि तिने कागद दिले पाहिजेत. पुढे विधिमंडळाने कायदा बदलून तिला काही सूट दिली, तो भाग वेगळा.

न्यू जर्सीच्या कॉम्प्ट्रोलरने २०२५ मध्ये इर्विंग्टन या गावाविषयी अहवाल काढला. ओपिऑइड जागृतीच्या नावाने झालेल्या दोन गाण्यांच्या मैफिलींवर तडजोडीतले ६ लाख ३२ हजार डॉलर गेले, त्यात आलिशान ट्रेलर आणि पॉपकॉर्न यंत्रांची भाडी होती, असं अहवाल म्हणतो. गावाला हे निष्कर्ष मान्य नाहीत. अशी प्रकरणं बातमीत लगेच चढतात. मला ती तितकी चिंतेची वाटत नाहीत, कारण मैफिलीचं बिल सापडतं.

दर वर्षी नव्या कंपन्या, नवे अर्ज येत आहेत. जुलै २०२५ मध्ये औषधं बनवणाऱ्या आठ कंपन्यांशी मिळून सुमारे ७२ कोटी डॉलरची तडजोड जाहीर झाली. त्यात मुंबईत मुख्यालय असलेल्या सन फार्माचे सुमारे ३ कोटी १० लाख डॉलर आहेत आणि अहमदाबादच्या झायडसचे दीड कोटीच्या आसपास. पर्ड्यूचं दिवाळखोरीचं प्रकरण तर २०१९ पासून चाललं होतं. सॅकलर कुटुंबाला पुढच्या दाव्यांपासून अभय देणारी योजना अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने जून २०२४ मध्ये पाच विरुद्ध चार मतांनी फेटाळली, आणि ७.४ अब्ज डॉलरची नवी योजना नोव्हेंबर २०२५ मध्ये मंजूर झाली. त्यासाठीही काउंट्यांना पुन्हा सह्या कराव्या लागल्या.

इंडियानातल्या स्कॉट काउंटीने २०१५ मध्ये एचआयव्हीची साथ पाहिली. ओपाना नावाची वेदनाशामक गोळी कुटून, विरघळवून, एकाच सुईने टोचून घेणाऱ्यांत दोनशेहून अधिक जणांना लागण झाली. बहुतेक सगळे ऑस्टिन या चारेक हजार वस्तीच्या गावात आणि त्याच्या आसपास. तडजोडीचा पैसा कुठे जायला हवा याचं उत्तर देशात कुणाला विचारायचं तर या काउंटीला. केएफएफ हेल्थ न्यूजच्या वार्ताहरांनी तिथला हिशेब तपासला. अडीच लाखांहून अधिक डॉलर आरोग्य संचालकाच्या आणि रुग्णवाहिका सेवेतल्या कर्मचाऱ्यांच्या पगारावर गेले होते. यात नियमभंग नाही. ही माणसं ओव्हरडोसला धावून जातातच, आणि परिशिष्टात ते काम बसतं. पण हे पगार आधी काउंटीच्या नेहमीच्या तिजोरीतून होत असत. तिथे जी रक्कम मोकळी झाली, तिच्यातून एक रुग्णवाहिका आली आणि आरोग्य विभागाची शिल्लक वाढली. ओपिऑइडच्या खात्यात हे कुठेच दिसत नाही. तिथे फक्त पगार दिसतात, योग्य क्रमांकासह. ते शोधायचं तर काउंटीची लागोपाठच्या दोन वर्षांची अंदाजपत्रकं शेजारी ठेवून, सर्वसाधारण निधीत आरोग्य विभागाच्या पगाराची रक्कम कोणत्या वर्षी घटली, ते पाहावं लागतं. वितरकांचे हप्ते १८ वर्षं चालायचे आहेत. इतकी वर्षं इतक्या काउंट्यांत हे कोण पाहील, त्याचं कलम करारात नाही.